कानोसा

इओलो, आधी एवढं सांग, ही सायकल उचलणार कोण?
तू, की वजनकाटा?
कॅटलॉगवर बोट ठेवून टायटॅनियमचे बोल्ट दाखवतोस,
चार ग्रॅम वाचतात म्हणतोस.
चार ग्रॅम.
मघाशी चहात बुडवून खाल्लंस ते बिस्कीट
त्याहून जड होतं.

कुम ग्लासच्या या बंद खाणीत
पाटीच्या दगडाचे ढीग, निळसर काळे, बारा महिने ओले.
माझा बाप ते फोडायचा.
मी त्यांच्यावरून सायकलीनं उड्या मारत म्हातारा होत आलो,
याला तो अखेरपर्यंत प्रगती म्हणाला नाही.
दगडाला ग्रॅम कळत नाहीत.
कोण किती उंचावरून आदळलं, तेवढं कळतं.

हे फ्रीव्हील घे.
पोलादी, जड, दिसायला अगदीच अडाणी,
पण खाल्ल्या तेलाला जागतं.
आत दाट ग्रीस भरू नकोस. लाड होतात,
खटके सुस्तावून आपापल्या खाचेत चिकटून बसतात,
आणि मागच्या चाकावर उभं राहून
तू पेडलला लाथ घालशील, नेमके तेव्हा
ते झोपेत असतील.
पातळ तेल, दोन थेंब.
महिन्यातून एकदा उघड, जुन्या टॉवेलावर सगळं मांड,
बारीक स्प्रिंगा मोज.
एक नेहमी कपाटाखाली जाते.

जुनं ते सोनं, ही म्हण चेनला लागू नाही.
तेगिदला विचार.
नको, विचारू नकोस.
त्यानं एक चेन तीन वर्षं चालवली,
जीव लावून चालवली, ते आणखी वाईट.
टाकीच्या काठावरून समोरच्या भिंतीवर झेपावताना तुटली.
आवाज असा मोठा नव्हता,
काडेपेटीतली काडी मोडावी, इतकाच.
आता त्याचा गुडघा पाऊस यायच्या आधी दुखतो,
आणि इथे पाऊस रोज येतो.

चेन बदलायची ती काहीच झालेलं नसताना.
हे भल्याभल्यांना जमत नाही.
न बिघडलेल्या वस्तूवर पैसे घालायला
हात धजावत नाही.

रिमवर ग्राइंडर फिरवताना चष्मा लाव.
तिरप्या रेघा, जवळजवळ, खोल नकोत.
ब्रेकला धरायला खरखर लागते,
पण ओढलेली प्रत्येक रेघ रिमच्या आयुष्यातून वजा होते.
ब्रेक किंचाळला की समोरची हेलवेन खिडकी लावून घेते.
लावू दे. न किंचाळणाऱ्या ब्रेकवर
मी कधी विश्वास ठेवला नाही.

इओलो काही बोलत नाही.
माझीच सायकल तो दोन बोटं उचलतो, सोडतो.
पुन्हा उचलतो, सोडतो.
मान तिरकी.
"काहीतरी बोलतंय," म्हणतो.
मला काही ऐकू येत नाही.
तीस वर्षांच्या किंचाळ्यांनी
माझ्या कानातले वरचे सूर कधीच खाऊन टाकलेत.

तो सायकल उलटी करतो.
पेडलच्या आसाखालचा चिखल अंगठ्यानं पुसतो,
टॉर्च तिरपा धरतो.
केसाएवढी रेघ, जोडाला लागून.
"रंगाचा ओरखडा असेल," मी म्हणतो.
तो नख फिरवतो.
नख अडकतं.

नऊ वर्षं.
ही फ्रेम मी दर रविवारी धुतली,
दर रविवारी कुठेतरी दुसरीकडे बघत.
अॅल्युमिनियम वाकून सांगत नाही, इओलो,
हे मीच तुला मार्चमध्ये शिकवलं होतं ना?
की एप्रिलमध्ये?

तो कॅटलॉग माझ्याकडे सरकवतो.
पान उलटत नाही, बोट ठेवत नाही.
मी चष्मा शोधू लागतो,
तोवर त्यानं चेनची कडी सोडवलीसुद्धा.
"ही नवीच आहे," म्हणतो,
"काढून ठेवू."